अण्णांच्या बिलावरचे पॉइंट

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. वीस वर्षं होऊन गेली. लोक डब्यांतून, बाटल्यांतून, कधी नुसत्या कागदात गुंडाळून जे काही आणून देतात ते मी उघडते, काचेवर घेते, बघते, आणि मग हात धुऊन जेवायला बसते. नवीन आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात ओकतात. मला कधी काही झालं नाही. किळस म्हणजे काय ते मला खरं तर माहीतच नव्हतं. ते मला माझ्या सख्ख्या भावानं दाखवलं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळणारा औषध कंपनीचा एमआर होता, हळूहळू एरिया मॅनेजर झाला. सोलापुरातच विजापूर रोडला फ्लॅट घेतला, गाडी घेतली, आणि कुणा मित्राच्या नादानं त्याला क्रेडिट कार्डांचं वेड लागलं. एक पेट्रोलचं, एक किराण्याचं, एक विमानाच्या तिकिटांचं. तोपर्यंत तो परदेशात एकदाही गेला नव्हता, पण कुठलं कार्ड परदेशात किती जादा कापतं हे त्याला पाठ होतं.

मी लग्न केलं नाही, आई-अण्णांबरोबर बुधवार पेठेतल्या घरीच राहिले. रविवारी दादा आणि वहिनी जेवायला आले की मटणाचा रस्सा आणि कडक भाकरी पुढ्यात घेऊन दादाचा तास सुरू व्हायचा.

"साधं कार्ड परदेशात घासलं की बँक शंभरामागं साडेतीन रुपये कापते. वर त्यावर जीएसटी. आणि हे पावतीवर दिसत नाही, रेटमध्येच मुरवलेलं असतं. ज्या कार्डाला हा चार्ज शून्य आहे तेच घ्यायचं."

अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांना दादाचं कौतुकही वाटायचं आणि शंकाही यायची. एकदा त्यांनी विचारलं, "तुला पॉइंट देतात, तिकीट देतात, मग बँकेला ह्यात काय मिळतं?"

"दुसरे येडे वेळेवर भरत नाहीत ना, अण्णा. ते व्याज भरतात. त्यांच्या पैशावर आपण फिरायचं."

अण्णा भाकरी मोडायचे थांबले. आमच्या गल्लीत असे दोघं-तिघं होते. हप्ता चुकलेले, वसुलीच्या फोनला घाबरून मोबाइल बंद ठेवणारे. आईनं रस्सा वाढला आणि विषय तिथंच राहिला.

हळूहळू आमच्या घरातला प्रत्येक खर्च दादाच्या कार्डावरून जायला लागला. मी फ्रिज घ्यायला निघाले की त्याचा फोन. "थांब. दुकानात मी येतो, मी स्वाइप करतो, तू मला यूपीआय कर." त्यात माझं काही जात नव्हतं. फ्रिज यायचा, त्याला पॉइंट मिळायचे. वहिनीच्या माहेरी, माळशिरसला, लग्न निघालं तेव्हा तिथल्या मंडपवाल्याशीही तो कार्डाची भाषा बोलून आला. आम्ही हसायचो.

मग अण्णा आजारी पडले. आधी नुसता खोकला, मग धाप. मीच रक्त काढलं, मीच रिपोर्ट बघितले आणि मलाच आधी कळलं. होटगी रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात आम्ही त्यांना नेलं. डॉक्टर म्हणाले, आयसीयूत घ्यावं लागेल, खाली डिपॉझिट भरून या.

मी बँकेतली ठेव मोडून रोख पैसे पर्समध्ये घेऊनच आले होते. बिलाच्या खिडकीशी पर्स उघडली, तेवढ्यात दादानं माझा हात धरला.

"रोख नको भरू."

"अरे, आहेत माझ्याकडे."

"ते राहू दे. नवीन ट्रॅव्हल कार्ड घेतलंय. ठरावीक खर्च मुदतीत झाला तर बोनस आहे. मुदत संपत आलीय." मग त्यानं खिडकीतून आत विचारलं, "कार्डाला जादा चार्ज आहे का?"

आतला क्लार्क म्हणाला, "दोन टक्के लागतील, सर."

"का? कुठल्या नियमानं? मॅनेजरला बोलवा."

खिडकीच्या पलीकडं, पॅसेजमध्ये, अण्णा स्ट्रेचरवर होते. तोंडाला ऑक्सिजन. त्यांची एक चप्पल पायात होती, दुसरी कुठं पडली कुणाला माहीत. आई त्यांच्या पायावरची चादर सारखी करत होती, ती सारखी घसरत होती. सिस्टर दोनदा येऊन विचारून गेली, "पावती झाली का?" आणि दादा मॅनेजरशी भांडत होता. शांतपणे, मुद्देसूद, औषध कंपनीतला माणूस जसा बोलतो तसा. मी म्हणाले, "दादा, मी भरते." त्यानं माझ्याकडं न बघता हात वर केला, थांब म्हणून.

शेवटी मॅनेजरनं दोन टक्के सोडले. कार्ड घासलं गेलं. स्ट्रेचर हललं. आणि थोड्या वेळानं लिफ्टपाशी दादाचा मोबाइल वाजला. त्यानं मेसेज वाचला आणि तो हसला. मोठं नाही, ओठांच्या कोपऱ्यात. मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाला, "बसलं बघ टार्गेट."

माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. लॅबमध्ये वीस वर्षांत आलं नव्हतं ते तिथं आलं. मी बाहेर जाऊन गुलमोहराखाली थुंकले.

त्या उशिरामुळं अण्णांचं काही बिघडलं, असं मी म्हणणार नाही. रिपोर्ट मला वाचता येतात. फुप्फुसं तेव्हाच संपलेली होती. आठवडाभरानं ते गेले. पण ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते, भन्तेजी सुत्तपठण करत होते, आणि दादा मागच्या दारात जेवणवाल्या आचाऱ्याला विचारत होता, "मशीन नाही का तुमच्याकडे? क्यूआर तरी?" मी ऐकलं. आईला ऐकू गेलं नाही, असं मला तेव्हा वाटलं.

वर्षभरानं दादानं जाहीर केलं, "आईला श्रीलंकेला नेतोय. अनुराधापूरला. बोधिवृक्ष बघायला. तू पण चल."

आई वळसंग गावची. तिला अक्षरओळख कमी, पण महेंद्र आणि संघमित्रेची गोष्ट तिला तोंडपाठ. संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली, हे ती गल्लीतल्या पोरींना सांगायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच नेतोस व्हय रं?" असं तिनं तीनतीनदा विचारलं. मी कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होते? पैसे कुठून आले, हे मी दादाला विचारलं नाही. मला माहीत होतं.

निघण्याआधीचा महिना कार्डं निवडण्यात गेला. ह्याला लाउंज फुकट, पण परदेशी चार्ज आहे. त्याला चार्ज शून्य, पण लाउंज नाही. म्हणून दोन न्यायची, तिकीट एकावर, तिथला खर्च दुसऱ्यावर. मला ताकीद होती: "तुझं कार्ड घरी ठेव. आणि एअरपोर्टवर नोटा बदलून घेऊ नकोस, लुटतात. एटीएममधून क्रेडिट कार्डानं पैसे तर काढायचेच नाहीत, त्या मिनिटापासून व्याज."

त्याचं एकही वाक्य चूक नव्हतं. हे मला मुद्दाम सांगायचंय.

मुंबईच्या विमानतळावर त्यानं आई, वहिनी आणि मला लाउंजमध्ये नेलं. दारात मोठी रांग. सगळ्यांच्या हातांत कार्डं. आत गेल्यावर मला वाटलं, कुणाच्या तरी फुकटच्या लग्नात आलोय. भरल्या पोटाची माणसं पुन्हा पुन्हा ताटं भरत होती. एका बाईनं मफिन रुमालात बांधून पर्समध्ये टाकले. अर्धे खाल्लेले वडे, रसमलाईच्या वाट्यांत खोचलेले टिश्यू, सांडलेल्या सांबारावर ठेवलेला कुणाचा तरी लॅपटॉप. उरलेलं सगळं एका पिंपात ओतत होते. त्याचा गोडसर, आंबूस वास एसीत कोंडून राहिला होता. आईनं दोन इडल्या घेतल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

शेजारी एक गृहस्थ होते. दादाची आणि त्यांची लगेच गट्टी जमली. कुठलं कार्ड, किती पॉइंट, कुठल्या एअरलाइनला ट्रान्सफर. बोलता बोलता दादा म्हणाला, "आमच्या चारपैकी दोन तिकिटांना तर काहीच लागलं नाही. वडिलांचं हॉस्पिटलचं बिल होतं ना, त्यावर निघाली."

"व्वा," ते गृहस्थ म्हणाले. "बेस्ट यूज."

आईचा इडलीचा हात तसाच राहिला. तिनं विचारलं, "कसलं बिल?"

दादानं तिला समजावून सांगितलं, अगदी हौसेनं. बिल कार्डावर टाकलं की पॉइंट, पॉइंट जमले की तिकीट. "म्हणजे अण्णांनीच तुला लंकेला पाठवलं म्हण की!"

आई त्याच्याकडं वळली. "म्हंजी ह्ये आजारी पडलं नसतं तर मी हितं नसते?"

"अगं, तसं नाही. थोडा वेळ लागला असता, एवढंच."

आईनं ताटली खाली ठेवली. उठली, मला म्हणाली, "हात धुवायचं कुटं हाय दाव." मी तिला बाथरूममध्ये नेलं. साबण लावून तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, पुसले, परत धुतले. परत येऊन खुर्चीवर बसली, पण काही खाल्लं नाही.

कोलंबोला उतरल्यावर दादा बॅगा बघत होता तेवढ्यात मी पहिल्याच खिडकीवर माझ्याकडच्या नोटा बदलून घेतल्या. रेट वाईट होता. मला चालला.

हॉटेलच्या काउंटरवर एक मुलगी होती, जेमतेम विशीतली, नीट केस बांधलेली. दादानं कार्ड दिलं. मशीनवर दोन पर्याय आले. दोन्ही रुपयेच, एक भारतीय, एक लंकेचे. आम्ही भारतातले म्हणून त्या मुलीनं चांगुलपणानं भारतीय रुपये निवडले. दादा ओरडला, "लोकल! लोकल करन्सी! हू टोल्ड यू?" तिनं सॉरी म्हटलं. त्यानं व्यवहार रद्द करायला लावला, मॅनेजरला बोलावलं, कागद मागितला, नव्यानं घासलं. मागं पाहुण्यांची रांग लागली. त्या मुलीचे कान लाल झाले होते आणि ती आमच्या खोलीची चावी शोधत होती, ती तिच्या हातातच होती.

लिफ्टमध्ये दादा म्हणाला, "आपले रुपये निवडले की त्यांची मशीनवाली बँक वाटेल तो रेट लावते. शून्य चार्जचं कार्ड असून उपयोग काय मग? नेहमी तिथलंच चलन निवडायचं."

तेही बरोबरच होतं. वहिनी मोबाइलमध्ये बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॅननं अनुराधापूरला गेलो. आईनं सोलापूरहून आणलेली, कांजी केलेली पांढरी साडी नेसली होती. अनवाणी चालताना फरशी भाजत होती, तरी ती आमच्या पुढं होती. दारापाशी कमळं विकणाऱ्या बायका बसल्या होत्या, निळी, जांभळी, पांढरी कमळं. आई थांबली. दादानं खिसे चाचपले. आदल्या दिवशी त्यानं डेबिट कार्डानं जेमतेम काढलेली रोकड रिक्षात संपली होती.

"कार्ड?" त्यानं फुलवालीला विचारलं.

ती हसली. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

"जाऊ दे आई, नुसता नमस्कार कर," दादा म्हणाला. "भाव मनात असतो."

मी पर्समधून नोटा काढल्या आणि आईला ओंजळभर कमळं घेऊन दिली. दादानं नोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एअरपोर्टवर बदलल्यास ना? सांगितलं होतं तुला. किती रेट दिला?"

"गप," आई म्हणाली.

एवढंच. पन्नाशी ओलांडलेल्या पोराला, सगळ्यांसमोर. मग तिनं फुलं वाहिली, गुडघ्यांवर बसली आणि बराच वेळ उठली नाही. वर झाडाची पानं हलत होती. ती अण्णांशी बोलत होती की बुद्धाकडं काही मागत होती, मला माहीत नाही.

परत आल्यावर आईनं एक केलं. दादाच्या कार्डावरून आता काही घ्यायचं नाही, असं तिनं न बोलता ठरवलं. अण्णांची फॅमिली पेन्शन काढायला ती माझ्याबरोबर बँकेत येते, गोळ्यांचे पैसे स्वतः देते. दादानं डोळ्याचे थेंब आणले की तिथंच पैसे त्याच्या खिशात घालते. त्याला ते लागतं. दिसतं ते मला.

परवा रविवारी दादा एकटाच आला होता. परत पॉइंट जमलेत, म्हणाला, आईला थायलंडला नेतो. आई म्हणाली, "मी आले की जाऊन. आता न्हाय." आणि आत गेली. दादा जिन्यात थांबला. मला म्हणाला, "माझं काय चुकलं, तू सांग. पैसे काय, कसेही भरावेच लागले असते. मी कुणाचं काही घेतलं का? गल्लीतल्या कुठल्या म्हातारीला पोरानं श्रीलंका दाखवली?"

कुठल्याच नाही. हे खरं होतं. मला त्याला त्या लिफ्टपाशी हसण्याबद्दल सांगायचं होतं, पण ते सांगायला तोंड उघडलं की आतून तेच आंबट पाणी वर येतं. मी म्हणाले, "उशीर होतोय तुला."

तो गेला. मी वर आले तर आई स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण धरून उभी होती.

"गेला?"

"गेला."

"जेवून जा म्हनायचं की त्याला. रस्सा क्येला हाय म्या."

मी म्हटलं नव्हतं. मला म्हणायचं नव्हतं. आईनं झाकण परत ठेवलं आणि आमच्या दोघींची ताटं घेतली.