मशीन रूमच्या भिंतीवरचा पासवर्ड

गिरगाव ते शीव, कुठेही लिफ्ट अडकली की लोक पहिलं माझं नाव घेतात. नावाला पुढे जे काय लावतात ते इथे लिहिता येत नाही.

त्या दिवशीही तेच चाललं होतं. गिरगावातल्या एका वाडीतली सहा मजली बिल्डिंग, लिफ्ट दोन दिवस बंद. मी गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, म्हणजे लिफ्टची मोटर असते त्या खोलीत, कंट्रोलर उघडून बसलेलो. कंट्रोलर म्हणजे लिफ्टचा मेंदू. कुठली वायर कुठे जाते त्याचा एक नकाशा असतो, त्याला आम्ही ड्रॉइंग म्हणतो. कंपनी ते बाहेरच्या मेकॅनिकला देत नाही. म्हणून आम्हा लिफ्टवाल्यांचा ईमेलवर एक ग्रुप आहे. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग धुरकट होतं, आणि जुनं उत्तर शोधायला गेलं की गुड मॉर्निंगची फुलंच हाताला लागतात. इथे अडचण टाकायची, ज्याच्याकडे ड्रॉइंग असेल तो पाठवतो. ग्रुप उघडा आहे, कोणीपण वाचू शकतो. मला त्याचं कौतुक होतं.

मी आदल्या दिवशीच ड्रॉइंग मागून ठेवलेलं. सेक्रेटरी जोशीकाका सहा जिने चढून धापा टाकत वर आले.

"झालं का हो?"

"ड्रॉइंग येतंय काका."

"कालपासून येतंयच. चालत येतंय काय?"

ते खाली गेले आणि मोबाईलवर मेल आला. वर कंपनीचं चिन्ह, खाली निळं बटण. इंग्रजी मला लिफ्टच्या बटणांवर असतं तेवढंच येतं. 'ड्रॉइंग' वाचलं, 'ओपन' वाचलं, दाबलं. तर माझ्या मेलचा पासवर्ड मागायला लागला.

आता पासवर्ड माझ्या डोक्यात कुठला? आमच्या धंद्यात डोक्यात काही ठेवत नाहीत, मशीन रूमच्या भिंतीवर लिहितात. तेल कधी घातलं, दोर कधी बदलला, सगळं पेन्सिलीने. मी पासवर्डपण तिथेच लिहिलेला. बॅटरी मारून एकेक अक्षर बघून टाकला, दोनदा तपासला. चोराला चुकीचा पासवर्ड जाऊ नये म्हणून एवढी मेहनत कोणी घेतली नसेल.

स्क्रीन पांढरी झाली. म्हटलं, रेंज नसेल. खाली उतरलो, टपरीवर चहा घेतला. पहिला घोट घ्यायच्या आत ग्रुपमधल्या एकाचा फोन.

"बाबल्या, तुझं ड्रॉइंग उघडत नाय रे."

"माझं कुठलं ड्रॉइंग?"

"आत्ता सगळ्यांना पाठवलंस ना? फॉल्ट सापडला, ड्रॉइंग जोडलंय म्हणून."

चहा तसाच ठेवला. पोरगी, पल्लवी, दादरला ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिला फोन लावला.

"बाबा, तुम्ही पासवर्ड दिलात?"

"मागितला म्हणून दिला."

"उद्या कोणी घराची चावी मागितली तर?"

"त्याच्याकडे ड्रॉइंग असलं तर..."

"बाबा! आधी पासवर्ड बदला. मग 'सगळीकडून साइन आऊट' दाबा, म्हणजे तो घुसलाय तिथून बाहेर पडेल. आणि ग्रुपवाल्यांना एकेकाला फोन करा. मेल नको. तुमच्या मेलवर आता कोण विश्वास ठेवणार?"

बदलायला जुना पासवर्ड लागतो. जुना पासवर्ड भिंतीवर. भिंत सहा मजले वर. आणि लिफ्ट बंद कोणी ठेवलेली? मीच. चौथ्या मजल्यावर जोशीकाका.

"आलं का ड्रॉइंग?"

"चालत येतंय काका."

पासवर्ड बदलला. साइन आऊट दाबलं. मग जिन्यात बसून फोन सुरू. एकाने शिव्या दिल्या, एकाने हसून फोन ठेवला, पण सगळे सावध झाले. राहिला एक सावंत.

सावंत माझा उस्ताद. परळच्या एका हॉस्पिटलात कॉन्ट्रॅक्टवर लिफ्ट बघतो. मेल उघडतो तो तिथल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. मागच्याच महिन्यात त्याच्याकडून सही घेतलेली, की ह्या मशीनवर भलता मेल उघडला तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका. साठीला आलेला माणूस, दुसरीकडे कोण ठेवणार? आणि माझा मेल म्हणजे त्याला घरचाच. फोन लावतोय, लावतोय, लागत नाय.

टॅक्सी केली. लालबागच्या सिग्नलला पाय नुसता आपटत होता. ड्रायव्हर म्हणाला, "क्या हुआ भाई, पेशंट सीरियस है?" मी म्हटलं, "हां." आता तेच काय ते खरं होतं.

हॉस्पिटलात धावत आत गेलो. सावंत तळमजल्याला लिफ्टच्या खड्ड्यातून वर येत होता, हात ग्रीसने काळे. खाली रेंज नसते, हे मलाच त्याने शिकवलेलं.

"मेल उघडलास?"

"खयचो? तुझो? नाय."

मी तिथेच फरशीवर बसलो.

"खड्ड्यात उतरूच्या आधी आपण वरच्याक हाक मारतंव मा, बंद हा काय रे म्हणान? उत्तर येवच्या आधी आपण हात घालतंव?"

"नाय."

"मग मेलात कित्याक घालतलंय? तुका चार फोन केले मी. एंगेज. मगे म्हटलां, ऱ्हव दे." हात पुसत त्याने विचारलं, "लिफ्टीचा काय झाला? दरवाजांचे लॉक बघलंस?"

बघितले नव्हते. संध्याकाळी बघितले. तिसऱ्या मजल्याच्या लॉकमध्ये तोरणातलं सुकलेलं झेंडूचं फूल अडकलेलं. काढलं, लिफ्ट चालू. ड्रॉइंग लागलंच नाय. आता ग्रुपवर नियम आहे: मेल कोणाच्यापण नावाने येऊ दे, उघडायच्या आधी त्या माणसाला फोन. भिंतीवर फक्त तेलाची तारीख.

पण तेव्हा, फरशीवर बसल्याबसल्या, मला जरा वाईटच वाटलेलं. विचारलं, "माझ्या नावाचा मेल, तरी तुला संशय आला?"

"नाव तुझाच होता रे," सावंत म्हणाला. "पण उघडूच्या आधीच नावाखाली दिसला, फॉल्ट गावलो. थयच समाजला माका, ह्यो बाबल्या न्हय."