परसातली करवंदं

पेरणीआधी शेतातले राब भाजून झाले की वैशाखात एखाद्या बाजाराच्या दिवशी बाबा यायचा. जामसरहून जव्हारपर्यंत चालत, हातात करवंदांची टोपली, वर पळसाची पानं झाकलेली. लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. वैशाखात त्याच्या कणगीतली नागली तळाला गेलेली असायची. डोंगरची करवंदं तेवढी कोणाला विचारून तोडावी लागत नसत, म्हणून वर्षातून ही एकच फेरी. ओट्यावर बसून आम्ही बापलेक करवंदं दाताने फोडून बघायचो. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. सासूबाई आत भांडी जरा जोरात ठेवत.

आमचे हे संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले होते. हिला करवंदांचं एवढं वेड, तर वर्षभर वाट का बघायची, असं त्यांच्या मनात आलं. बाबाच्याच टोपलीतल्या पिकल्या करवंदांच्या बिया त्यांनी धुऊन घेतल्या आणि पाऊस लागल्यावर परसाच्या कडेला लावल्या. शेजारीपाजारी हसले. रानात पायाला टोचतं ते कोणी घरी आणून लावतं का? कोवळी रोपं शेळ्या खायला लागल्या, तेव्हा ह्यांनी भोवती बाभळीच्या काट्या रोवल्या. काटेरी झाडाला काट्यांचं कुंपण! त्यावर तर मीही हसले.

पण रोपं जगली. काही वर्षांनी कमरेएवढी झाली, पांढऱ्या फुलांचा वास मागच्या दारापर्यंत यायला लागला आणि एका वैशाखात फळ धरलं. बाबा आला तशी मी त्याला पाणीही न विचारता परसात नेलं. मला कोण अभिमान! त्याने फांदी उचलून पाहिली.

"जावयाचा हात बरा हाय," तो म्हणाला. मग हातातल्या टोपलीकडे बघून हसला. "आता मी काय आणू, बाय?"

मीही हसले.

पुढच्या वैशाखात तो आला नाही. एक बाजार गेला, दुसरा गेला. आजारी तर नाही ना, म्हणून मी जामसरच्या मोळीवाल्या बाईला गाठलं.

"बरा हाय तं," ती म्हणाली. "तुझे दारातच करवंदं. रिकामे हाताने पोरीकडं कसा जाऊ, असं सांगतो."

मला संताप आला. आधी बाबाचा, मग त्या झाडांचा. दुपारी हे जेवायला आले तेव्हा मी कोयता घेऊन परसात उभी होते.

"तोडलीस, आणि बाबांना कळलं, तर त्यांना काय वाटेल?" हे एवढंच म्हणाले.

मी कोयता ठेवला. उगीच ह्यांनाच चार शब्द सुनावले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि हात धुऊन जेवायला बसले.

पुढच्या बाजाराला त्याच बाईकडे निरोप दिला, "बाबाला सांग, आमची करवंदं आंबट निघाली. तोंडात धरवत नाहीत. पाऊस लागायच्या आत डोंगरची घेऊन ये."

त्यानंतरच्या बाजाराला बाबा दारात उभा. टोपली भरलेली, वर पळसाची पानं. मी धावत पुढे गेले. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळपासून मी परसात करवंदं खात होते. ओठ, जीभ, बोटं, सगळं जांभळं झालेलं.

टोपली माझ्या हातात देऊन तो सरळ परसात गेला. काळंभोर, टपोरं करवंद तोडून तोंडात टाकलं. मग दुसरं टाकलं. सावकाश चावून खाल्लं.

"आंबटच हाय," तो म्हणाला. "पुढले साली लवकर येन."