जुन्या पानावर राहिलेल्या सासूबाई

ब्लॉगची जागा बदलायची ठरली तेव्हा नवरा म्हणाला, "घर बदलायला निघाल्यासारखं तोंड करून बसलीयस. टेम्पो बोलावू का?"

मला हसू आलं नाही. तो मकरपुऱ्याच्या कंपनीतून थकून यायचा आणि त्याचे विनोदही त्याच्यासारखेच थकलेले असायचे. त्याला काय सांगणार होते? टेम्पोत घालायचं सामान कोणतं आणि मागे टाकून जायचं कोणतं, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

वरवर पाहता कारण साधं होतं. आम्ही ज्या साइटवर लिहायचो तिथून एक दिवस सूचना आली. यापुढे टोपणनाव चालणार नाही, लिहिणाऱ्याचं खरं नाव पानावर दिसेल. शिवाय एखाद्या मजकुराविरुद्ध कुणी तक्रार केली तर तो मजकूर न विचारता काढला जाईल. मराठीत लिहिणारे तिथे आम्ही थोडेच. कुणी अमरावतीचं, कुणी डोंबिवलीचं, इंदूरचे एक निवृत्त आजोबा. एकमेकांची तोंडं कधी पाहिली नव्हती, पण रोज एकमेकांच्या घरात डोकावल्यासारखं वाचायचो. सगळे भडकले. "आम्हाला काय भाडेकरू समजता?" असं आजोबांनी लिहिलं. मग मीही लिहिलं. माझं पान ही माझी खोली आहे, आत येताना दार वाजवा, वगैरे. माझ्या सगळ्या लिखाणात सर्वांत गाजला तो हाच लेख. लोक म्हणाले, बाई, तुम्ही आमच्या मनातलं बोललात.

त्या लेखात खोटं असं काही नव्हतं. फक्त मी तो ज्यासाठी लिहिला, ते त्यात नव्हतं. मला भीती होती ती एकाच माणसाची. नागपूरला बँकेत असलेल्या माझ्या नणंदेची. जगाला आपल्या आईवर हसवणारी ती बडोद्याची बाई म्हणजे आपली वहिनी आहे, हे तिला कळू नये, एवढंच मला हवं होतं.

तर सासूबाई.

आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या संस्थानातली नोकरी. संस्थान गेलं तरी सासूबाईंच्या बोलण्यातला रुबाब गेला नव्हता. घरात मराठी स्वच्छ, बाहेर गुजराती तितकीच फर्डी, आणि दोन्हींमधला उंबरा पक्का. आठवण जायला लागली तेव्हा आधी तो उंबरा गेला. देवापुढे बसून त्या गुजरातीत घासाघीस करायच्या, "आटलुं बधुं ना होय, भाई," एवढा कुठे भाव असतो म्हणून, आणि भाजीवाल्याला हात जोडून मराठीत म्हणायच्या, "सगळं तुझंच आहे रे बाबा." भाजीवाला घाबरून दोन लिंबं जास्त टाकायचा.

कारेलीबागेतल्या आमच्या घरी मी गणिताच्या ट्यूशन घेते. सासूबाई मधूनच खोलीत येऊन जाहीर करायच्या, "आज सुट्टी. घरी जा." मुलं माझ्याकडे न बघताच दप्तरं उचलायची. मी आरडाओरडा करायची, तोवर अर्धी बॅच सायकलींवर.

हे सगळं मी लिहायची. दुपारी दोन बॅचच्या मध्ये, हॉलमधल्या कॉम्प्युटरवर, थेट साइटवरच. त्या झोपलेल्या असायच्या. माझी बोलण्याची सवय कमी. माहेरीही मला घुमी म्हणत. पण लिहायला बसले की हात सुटायचा. लोक हसायचे, पुढचं कधी म्हणून विचारायचे. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटायचं. सकाळी ओली चादर धुताना मनात यायचं, हे दुपारी कामाला येईल. ते विनोदी कसं करायचं, ते धुतानाच जुळवत असायची. हे सांगायला आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

नणंद रविवारी फोन करायची. "आई कशी आहे?" "ठीक आहेत." "जेवते का नीट?" "जेवतात." "ओळखते का सगळ्यांना?" "कधी हो, कधी नाही." एवढंच. अख्खा आठवडा ब्लॉगवर सांडून झालेला असायचा, फोनसाठी काही उरायचं नाही.

आमच्या झांप्याचं सांगायला हवं. झांपा म्हणजे फाटक, पण आम्ही बडोद्याची मराठी माणसं झांपाच म्हणतो. संध्याकाळचा चहा झाला की सासूबाई चपला घालायच्या, पर्स काखेत मारायच्या आणि झांप्याच्या लोखंडी पट्टीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. समोरून क्लासची पोरं, स्कूटरी, कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसं. त्या प्रत्येकाकडे नीट निरखून बघायच्या.

"कुणाची वाट बघताय?" मी विचारायची.

"कुणीतरी यायचंय."

"पण कोण?"

"ते आलं की कळेलच ना. तू काय पोलीस आहेस?"

एकदा नणंदेचा फोन आला की ऑडिट लागलंय, रजा मिळत नाही, दिवाळीत बघते. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी चादर दोनदा बदलली होती. ताट जमिनीवर गेलं होतं. माझ्या मनगटावर त्यांच्या नखांचे ओरखडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी लिहायला बसले ती झांप्याबद्दल. सगळं जसंच्या तसं लिहिलं, आणि शेवटी विचारते, कुणाची वाट बघताय? तिथे त्यांच्या तोंडी मी एक ओळ घातली. "लेक यायचीय माझी. तिला रजा मिळत नाही, पण ती येईल बघ."

असं त्या कधीही म्हणाल्या नव्हत्या. आपल्याला लेक आहे, हेच त्यांच्या डोक्यातून गेलं होतं.

त्या लेखाला कुणी हसलं नाही. लोक रडले. इंदूरच्या आजोबांनी लिहिलं की त्यांनी मुलाला फोन केला. मी ते सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. डोळे भरून आले माझे, स्वतःच्याच खोट्यावर.

आठवड्याभरात नणंद दारात उभी. हातात बॅग.

"रजा मिळाली?"

"घेतली," ती म्हणाली आणि चपलासुद्धा न काढता आत गेली.

सासूबाईंनी तिला ओळखलं नाही. "तमे क्यांना, बेन?" तुम्ही कुठल्या, असं अगदी आदरानं विचारलं. ती म्हणाली, "नागपूरना." "लांबून आलात. बसा." पण संध्याकाळी दोघी झांप्यावर उभ्या राहायच्या, आई कुणाची तरी वाट बघत आणि लेक तिच्या शेजारी. आपल्या येण्यानं वाट संपली नाही, हे तिला दिसत होतं. ती बरेच दिवस राहिली. आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली, बाजारातून नव्या चपला आणल्या. मला वाटलं, ऑडिट लवकर संपलं असेल.

त्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. नंतर मी त्यांच्यावर लिहिलं नाही. साइटची सूचना आली ती पुढच्या उन्हाळ्यात.

सामान हलवताना कळलं की जुनं लिखाण आपोआप नव्या जागी नेलं की मराठीचे सगळे चौकोन होतात. म्हणजे एकेक लेख हातानं उचलून न्यायचा. त्यामुळे सगळं पुन्हा वाचावं लागलं. पाककृती नेल्या, शाळेच्या आठवणी नेल्या, उत्तरायणाच्या पतंगांवरचं नेलं. सासूबाईंच्या लेखांपाशी आले की थांबायची. देवाशी घासाघीस वाचली. हसू आलं नाही. ती बाई घाबरलेली होती, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. भाजीवाल्याला हात जोडत होती कारण समोरचा कोण, हे तिला कळत नव्हतं. त्यावर मी दोन लिंबांचा विनोद केला होता.

ते लेख मी नेले नाहीत. लाज वाटली म्हणून, असं म्हणायला मला आवडेल. पण लाजेपेक्षा नाव उघड होण्याचं भय मोठं होतं. जुनं पान तसंच ठेवलं असतं तर महिन्याभरात त्यावर माझं नाव आलं असतं. म्हणून सगळं पुसून टाकलं. कुठे प्रत ठेवली नव्हती. "कायमचं काढायचं का?" असं साइटनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

पुढचा रविवार. फोन.

"वहिनी, ते पान उघडत नाहीये."

"कुठलं?"

"तुझं ग. आईचं."

 माझं नव्हेच ते, असं म्हणता आलं असतं.

"बँकेत एकीनं दाखवलं होतं," ती सांगायला लागली. "म्हणाली, वाच, तुमच्या बडोद्याची बाई आहे, हसून मरशील. पहिल्या चार ओळींत ओळखलं. आईच बोलत होती त्यात. हसले पण सगळ्यांबरोबर. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. खूप राग आला तुझा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू लिहायची थांबली असतीस. आणि फोनवर काय सांगायचीस तू? ठीक आहेत, जेवतात. मला माझी आई तिथेच भेटायची, वहिनी. रोज डबा खाताना. परवा उघडलं तर काहीच नाही. आता कुठे आहे ते?"

"नाहीये."

"म्हणजे?"

"पुसलं मी."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केला असावा, कारण मग फार शांत झालं.

"तुझ्याकडे असेल ना पण? कागदावर? कशात तरी?"

"नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "झांप्याचंही नाही?"

"नाही."

"ते मला पाठ आहे," ती म्हणाली. "निदान शेवट पाठ आहे. तिला रजा मिळत नाही, पण ती येईल बघ. मी त्या ओळीवर निघून आले होते. साहेबांना म्हटलं, कापा पगार."

इथे मी गप्प राहू शकत होते. गप्प राहणं मला जमतं. पण तिच्याकडे आता आईचं तेवढंच उरलं होतं, आणि ते आईचं नव्हतंच. तिच्या हातात आपण खोटा दागिना दिलाय आणि ती तो जपून ठेवतेय, असं वाटलं.

"ते त्या म्हणाल्या नव्हत्या," मी म्हटलं. "ती ओळ माझी आहे."

"रजेचंसुद्धा?"

"रजेचंसुद्धा. तू वाचतेस हे माहीत नव्हतं. तुझ्यावर चिडून लिहिलं मी."

तिनं विचारलं, "मग आई काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. कुणीतरी यायचंय. आलं की कळेलच. तू काय पोलीस आहेस.

"ठेवते," ती म्हणाली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "इतकी वर्षं बोलली नाहीस ती नाहीस, आणि आता हे कशाला बोललीस? तिला तेवढंच सुख होतं." त्याचं बरोबर असेल. मला अजूनही ठरवता येत नाही. खरं सांगून मी माझं ओझं उतरवलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं, असंही असेल.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही. मी करून बघितला, तर तिचे यजमान म्हणाले, देवळात गेलीय. आमच्या नणंदेला देवाचं कधी वेड नव्हतं.

नव्या जागी टोपणनाव चालतं. त्यासाठीच तर आम्ही सगळे भांडून तिकडे गेलो होतो. मी मात्र तिथे नाव बदललं आणि माझं खरं नाव घातलं, आडनावासकट. मग झांप्याचं पुन्हा लिहिलं. चादर, ताट, मनगटावरचे ओरखडे, शेवटपर्यंत पायात असलेल्या निळ्या चपला, काखेतली पर्स, आणि त्या जे म्हणाल्या तेवढंच. मधे मधे विनोद सुचत होते. जे त्यांचे स्वतःचे होते ते ठेवले, माझे काढले. फार छोटं झालं. जुने वाचक भले आहेत, त्यांनी प्रतिसाद दिले. एकीनं लिहिलं, "छान, पण आधीचं जास्त भिडलं होतं." असणारच.

काही दिवसांनी खाली एक प्रतिसाद आला. पूर्ण नावानिशी, सासरच्या आडनावासकट. आधी तिनं तिथे कधी अक्षर लिहिलं नव्हतं.

"चपला निळ्या नव्हत्या. तपकिरी होत्या. मी आणलेल्या."

बॅच बसली होती. मुलांना गणित घालून मी उठले आणि चपलांच्या मांडणीतला खालचा कप्पा उघडला. त्यांच्या चपला अजून टाकवल्या नव्हत्या. तपकिरीच होत्या. डाव्या चपलेचा अंगठा जास्त झिजला होता, झांप्यावर त्या त्याच पायावर भार टाकून उभ्या राहायच्या.

मी आत आले, कॉम्प्युटर सुरू केला आणि निळ्या खोडून तपकिरी केलं.