धावपट्टीचा भार

बाबा गोदीत फिटर होते. विमानवाहू नौकेच्या दुरुस्त्यांमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त कामगारांच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा भांडुपच्या घरी ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. मी कॉलेजात मराठी शिकवते. ते सातवीपर्यंत शिकलेले.

ते म्हणाले, "नुसत्या गंजाने जहाज म्हातारं होत नाही. दर दुरुस्तीत वजन वाढतं. रंगावर रंग, जुन्या केबल तशाच, त्यांवर नव्या. वजन वरच्या अंगाला चढलं की कललेलं जहाज सरळ व्हायला आळस करतं." मग जहाजाचा तोल तपासायच्या चाचणीचं सांगितलं. दोर सैल सोडायचे, डेकवरची वजनं एका कडेची दुसऱ्या कडेला न्यायची आणि आत टांगलेला लंबक किती सरकला ते पाहायचं. लंबकापाशी बाबा. तेवढा वेळ जहाजावर कुणी जागचं हलायचं नाही.

जहाज आळस करतं, हे मला अडाणी वाटलं. तो भाग काढून मी माझं वाक्य घातलं: 'माथ्यावरच्या अवाढव्य धावपट्टीच्या भारामुळेच ही नौका वादळातही अविचल राहते.' त्यांना वाचून दाखवलं नाही.

स्मरणिकेच्या मेळाव्याला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या जुन्या सोबत्याने छापलेल्या वाक्यावर बोट ठेवून सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, वरसून वजन घातल्यार जहाज थिर रवता व्हय? इतकी वर्सा लंबक बघी होतंस की निजलेलंस?"

हशा पिकला. बाबांनी ते वाक्य वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"वय झालं रे," ते म्हणाले. "सांगताना उलटं झालं."

मी शेजारीच बसले होते. एक शब्द बोलले नाही. रिक्षातही नाही, त्यानंतरही नाही.

यंदा बाबा गेले. तेराव्याला मेळाव्यातले तेच सोबती, काका, जेवायला बसले. म्हणाले, "लंबकार तुझ्या बापसासारखो माणूस नाय. शेवटाक मात्र विसराक लागलेलो. तो लेख वाचलंस मां?"

"काका, ते वाक्य माझं होतं. बाबांनी बरोबर सांगितलं होतं. मी बदललं."

त्यांचा हात पानावरच थांबला.

"आणि मी तेका मरेपर्यंत चिडयत रवलंय," ते म्हणाले.

त्यांनी पुढचा घास घेतला नाही. मी आमटीचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर तशीच उभी राहिले.