आंदणातले शेअर

माझ्या लग्नात बाबांनी पितळी भांड्यांसोबत कंपनीचे पाच शेअरही आंदण दिले. कापसातून सरकी वेगळी काढणारी सेलूची ती जिनिंग कंपनी बाबा आणि काका चालवत. घरातल्या प्रत्येक लेकीला शेअर द्यायचे, अशी आमच्याकडे रीतच पडली होती. भांडी वापरात आली, शेअरचे कागद पेटीत गेले.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावरची गोष्ट. कारंज्याला माझ्या सासरी नागपूरकडचा एक कापूस-व्यापारी आला. त्याला कंपनी हवी होती आणि बाबा-काका विकायला मुळीच तयार नव्हते. मग हा पठ्ठ्या आमच्या लेकीबाळींच्या सासरी शेअर विकत घेत फिरायला निघालेला! मला रागापेक्षा नवलच जास्त वाटलं. कागद काढून मी विचारलं, "याच्यावर इंग्रजीत लिवलं काय हाये?"

"ताई, तुम्ही कंपनीच्या मालकीण हाये. सभेत हात वर केला का तुमच्या बाबाची खुर्ची बी हलते."

मी मालकीण! दिवसभर भाकऱ्या थापताना मला हसू येत होतं. शेअर मी विकले नाहीत.

दोन दिवसांनी बाबा आले, चेहरा उतरलेला. मुलगे, पुतणे सगळे आपल्या बाजूचे धरून ते निर्धास्त होते. लेकींचे शेअर त्यांच्या लक्षातच आले नव्हते. दोन्ही आत्या आणि थोरली बहीण विकून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांचे शेअर आपसात वाटून घेऊन व्यापारी आणि त्याची बरीच माणसं सभासद झाली होती.

"ते कागद दे मले," बाबा म्हणाले.

"मीच येतो ना सभेले," मी म्हणाले.

"तू काऊन? बायाचं काय काम तिथं?"

"हात वर करीन. पाहू तर द्या, कशी असते सभा."

नाइलाजानं त्यांनी मान हलवली.

सभा रुईच्या गोदामात सतरंजीवर भरली. बाई मी एकटीच. कंपनी व्यापाऱ्याच्या हाती द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता; शेअर कितीही असोत, माणशी एक हात. त्याच्या बाजूनं नऊ हात वर झाले. मग बाबांनी आपले मोजले. नऊच भरले. घाम पुसून त्यांनी पुन्हा मोजले. दोन्ही वेळा त्यांचं बोट माझ्यावरून पुढे गेलं.

"बाबा, माहा हात राह्यला," मी म्हणाले.

कंपनी वाचली. सगळे बाबांना मिठ्या मारत होते, आणि त्या व्यापाऱ्याला शेअर विकून टाकावेत असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.