आमचा प्रेसिडेंट, तुमचा प्रेसिडेंट

रविवारी दुपारी अमेरिकेत, एडिसनच्या आमच्या घरात दाराशी बूट साचतात. आधी दोन जोड, मग चार, मग कुणाचा कुठला ते कळेनासं होतं. किश्श्यांचंही तसंच झालंय. इतके रविवार साचले की कुठला किस्सा आधीचा आणि कुठला नंतरचा, ते मलाच नीट सांगता येत नाही. हाताला येईल तो उचलतो.

मी आप्पा. इचलकरंजीत मागावर आयुष्य गेलं, शाळा चौथीपर्यंत. मुलगा श्रीकांत इथे इंजिनियर आहे, म्हणून त्याच्याकडे येऊन राहिलो. आठवडाभर मुलगा आणि सून सुनीता कामावर, नात शाळेत. घरात बोलणारा म्हणाल तर एक फ्रिज, तोही एकच सूर लावतो! रविवारी मात्र खाली बेसमेंटमध्ये मंडळी जमतात, चहा होतो, आणि संध्याकाळपर्यंत कानावर मराठी पडतं.

मंडळींत मुख्य दोघं. डॉक्टर सबनीस आणि गोगटे. दोघं एकाच साली अमेरिकेत आले, एका खोलीत राहिले, एका कुकरमध्ये वरणभात लावला. आता घरंही शेजारी शेजारी. सगळं छान चाललं होतं, पण दोघं सिटिझन झाले आणि बिनसलं! डॉक्टर झाले रिपब्लिकन, गोगटे झाले डेमोक्रॅट.

टॅक्सवरून ते भांडत नाहीत, शाळांवरूनही नाही. भांडायचं ते एकाच गोष्टीवर. कुठल्या प्रेसिडेंटनं कुठलं युद्ध केलं, कुठलं टाळलं आणि कुठे तोंडावर आपटला.

बाकीचे लोक या दोघांसाठीच येतात. म्हणून आवाज चढले की मी दाराशी जाऊन बूट मोजतो. या दोघांनी खरंच बोलणं सोडलं, तर माझा रविवार गेला!

*

पंच म्हणून मला बसवायचं ठरलं ते इराणच्या ओलिसांवरून.

अमेरिकेचे लोक तिथे वर्षाहून जास्त अडकले होते. इकडे जुना प्रेसिडेंट खुर्चीवरून उतरला, नवा बसला आणि त्याच दिवशी ओलीस सुटले. झालं! श्रेय कुणाचं?

"आप्पा, तुम्ही सांगा," गोगटे म्हणाले. "तुम्हाला मत नाही, म्हणजे तुम्ही निःपक्षपाती. रात्रंदिवस बोलणी कुणी केली? आमच्यानं! सगळा स्वयंपाक आमच्यानं केला आणि हे नुसते वाढायला आले."

"कसला स्वयंपाक?" डॉक्टर म्हणाले. "वर्षभर तुमची डाळ शिजत नव्हती. आमचा नुसता दारात दिसला आणि कुकरची शिट्टी झाली!"

मी विचार करू लागलो. मला वाटत होतं, सुटून आलेल्यांच्या घरी कुणी विचारलं असेल का हे? पण मी हळू बोलतो. माझं वाक्य जमेपर्यंत दोघं इराणमधून निघून अफगाणिस्तानात पोहोचले होते!

तेव्हापासून मी पंच आहे. निकाल अजून एकही दिलेला नाही. म्हणूनच टिकलोय.

*

एकदा जेवताना प्रकरण इतकं तापलं की डॉक्टरांचा हात लागून कढीचं पातेलं कार्पेटवर गेलं.

सुनीता तशी शांत. पण त्या दिवशी तिनं कमरेवर हात ठेवले. "आजपासून जेवताना एकाही प्रेसिडेंटचं नाव घ्यायचं नाही. जो घेईल तो सगळ्यांची भांडी घासेल!"

डॉक्टर हॉस्पिटलात मोठे असतील, पण सुनीतापुढे कुणाचं चालत नाही. मग सुरू झालं "आमचे हे" आणि "तुमचे ते". "आमच्या ह्यांनी रशियाला दम दिला." "आणि आमच्या त्यांनी दोन वैऱ्यांना एका टेबलावर बसवलं, ते विसरलात!"

डॉक्टरांची बायको मालतीकाकू भात वाढता वाढता थांबल्या. "इतकी वर्षं संसार झाला, पण मी यांचं नाव टाळताना एवढी लाजले नव्हते हो!"

बेसमेंट हसून हसून लोळलं. पण डॉक्टर हार मानतात होय? ते उठले, भिंतीकडे तोंड करून पदर सावरल्यासारखं केलं आणि खणखणीत उखाणा घेतला,

"ग्रेनाडाच्या किनाऱ्यावर मऊमऊ वाळू,
–––रावांचं नाव घेते, गोगटे लागले जळू!"

नाव मी लिहीत नाही. सुनीताचा नियम कागदालाही लागू असेल तर काय घ्या! डॉक्टरांनी त्या दिवशी बाह्या सरसावून सगळी भांडी घासली. पुसायला गोगटे उभे होते.

*

ग्रेनाडाचं निघालंच आहे तर तेही सांगतो.

अमेरिकेनं तिथे सैन्य उतरवलं, त्या रविवारी मंडळी आल्या आल्या हमरीतुमरीवर आली. तासभर झाला. मग माझ्या नातीनं विचारलं, "Where is it, काका?"

कुणालाच माहीत नव्हतं.

तिचा पृथ्वीचा गोल आणला. डॉक्टरांनी चष्मा वर केला, गोगट्यांनी खाली केला. क्युबा सापडलं, जमैका सापडलं, पण ग्रेनाडा काही सापडेना. नातीला सुनीताच्या टिकल्या चिकटवायची हौस. आरशावर, फ्रिजवर, गोलावर, जिथे तिथे टिकल्या. शेवटी गोगट्यांनी समुद्रातली एक लाल टिकली नखानं उचकटली. खाली ग्रेनाडा!

"अरे, जे अख्खं टिकलीखाली मावतं," गोगटे ओरडले, "त्याच्यावर तुम्ही विमानं पाठवलीत?"

डॉक्टरांनी ती टिकली त्यांच्या हातातून घेतली आणि परत जागेवर चिकटवली. "आम्ही होतो म्हणून कुंकू शाबूत राहिलं त्याचं!"

*

एकदा माझे डोळे दाखवायला दोघंही बरोबर आले. एकानं यायचं ठरलं तर दुसऱ्याला राहवत नाही. गाडी गोगट्यांची, शेजारी डॉक्टर, मी मागे.

विषय बैरुतचा. तिथे मरीन सैनिकांच्या तळावर स्फोट झाला होता, खूप पोरं गेली होती. डॉक्टर म्हणत होते, आपण थांबायला हवं होतं. गोगटे म्हणत होते, जायलाच नको होतं. दोघांचेही डोळे रस्त्यावर कमी आणि एकमेकांवर जास्त.

इंग्रजी मला येत नाही, पण आकडे वाचता येतात. आमच्या एक्झिटची पाटी मला लांबूनच दिसली. मी "अहो" म्हणेपर्यंत ती मागे गेली. "अहो गोगटे" म्हणेपर्यंत पुढचीही गेली.

कळलं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ टळली होती, आणि आम्ही शेजारच्या राज्याच्या, पेनसिल्व्हेनियाच्या वाटेला लागलो होतो.

"वेळेवर बाहेर पडता येत नाही तुला," डॉक्टर म्हणाले, "आणि निघालास प्रेसिडेंटला शिकवायला!"

"नकाशा कुणाच्या मांडीवर होता?" गोगट्यांनी विचारलं.

नकाशा डॉक्टरांच्या मांडीवर होता. उलटा!

*

निवडणुकीच्या वेळी दोघांनी आपापल्या लॉनवर पाट्या ठोकल्या. दोन घरं, दोन पाट्या, मध्ये एक कुंपण. डॉक्टरांचा उमेदवार दणदणीत निवडून आला. गोगट्यांनी दुखवट्यात पाटी काढली नाही, आणि डॉक्टरांनी मिरवायला काढली नाही.

उन्हाळा आला. मालतीकाकू आणि गोगट्यांच्या शैलाकाकू, दोघींनी एकमेकींना विचारून एके सकाळी पाट्यांचे पुठ्ठे उतरवले आणि उरलेल्या काठ्यांवर दुधीचे वेल चढवले. बायकांचा पक्ष एकच!

डॉक्टरांच्या काठीवर दुधी असे लगडले की बघत राहावं. गोगट्यांचा वेल रोडावला.

"बघ!" डॉक्टर म्हणाले. "ताकद दाखवली की शांतता आणि समृद्धी, दोन्ही येतात."

गोगटे वाकून वेलाचं मूळ शोधत गेले. डॉक्टरांचा वेल कुंपणाखालून शिरून गोगट्यांच्या खताच्या ढिगात पसरला होता.

"आप्पा, या, बघा!" ते ओरडले. "शेजाऱ्याच्या हद्दीत घुसायचं, त्याचं खायचं आणि वर म्हणायचं, शांततेसाठी आलो! हीच तुमची फॉरेन पॉलिसी!"

दुधीचा हलवा दोन्ही घरांनी मिळून केला. चांगला झाला होता.

*

एकदा पावसानं बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. आमचा शेजारी फ्रँक त्याचा पंप घेऊन आला. इन्शुरन्सच्या ऑफिसात असतो, सज्जन माणूस. पंप सुरू झाला आणि जिन्यावर बसून डॉक्टर आणि गोगट्यांचं व्हिएतनाम सुरू झालं. कुणाच्या प्रेसिडेंटनं ते वाढवलं, कुणाच्यानं लांबवलं.

फ्रँक तिथे लढून आलाय, हे डॉक्टरांना आठवलं. त्यांनी त्यालाच विचारलं, तुझ्या मते चूक कुणाची?

फ्रँक पंपाकडे बघत राहिला. मग थोडंसं बोलला. नातीनं मला मराठी करून सांगितलं, "आजोबा, he says, प्रेसिडेंटचं त्याला लक्षात नाही. त्याचे पाय ओले होते, सगळा वेळ. तेच लक्षात आहे."

सुनीतानं त्याला चहा दिला, गरम भजी दिली.

पुढच्या रविवारी डॉक्टर फ्रँकच्या दारात गेले. हातात लोकरीचे जाड मोजे. मागून गोगटे आले. त्यांच्याही हातात मोजे! दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं.

फ्रँकनं दोन्ही जोड घेतले. आणि आत बोलावून दोघांना विचारलं, "हा तुमचा कसला सण आहे?"

*

आता हा शेवटचा. संजय सुखरूप घरी आलाय, म्हणून सांगायला धीर होतो.

संजय म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, इथेच जन्मलेला. गोगट्यांना मूलबाळ नाही. संजयला सायकल त्यांनी शिकवली, गाडी त्यांनी शिकवली. कॉलेज झाल्यावर तो नेव्हीत गेला. डॉक्टरांनी पेढे वाटले. गोगट्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही, रुमालात ठेवला.

मग इराणच्या आखातात तेलाच्या जहाजांची राखण करायला अमेरिकेनं आपली जहाजं पाठवली. संजयचं जहाज त्यात होतं. टीव्हीवर रोज पाण्यातल्या सुरुंगांच्या बातम्या.

त्या रविवारी मला वाटलं, आज मोडणार. गोगटे आखातावरून आठवडाभर फोनवर सगळ्यांशी तावातावानं बोलत होते. आता डॉक्टरांसमोर तोंड उघडलं, तर दोघांचं कायमचं तुटेल.

डॉक्टर आले. दाढी वाढलेली. कोपऱ्यात बसले. चहा तसाच निवत होता.

गोगट्यांनी घसा साफ केला. "मी काय म्हणतो," ते म्हणाले, "जहाजं पाठवली ते योग्यच केलं तुमच्या माणसानं."

मंडळी बघतच राहिली.

"नाही, खरंच. एवढी मोठी नेव्ही आहे आपली. कुणाची हिंमत आहे हात लावायची? दरारा असतो. तुझंच म्हणणं आहे ना, ताकद दाखवली की शांतता राहते? बरोबर आहे तुझं. मी उगाच भांडत आलो."

डॉक्टर खाली बघत होते. "काय गरज होती पाठवायची?" ते हळूच म्हणाले. "दुसऱ्यांची जहाजं, दुसऱ्यांचं तेल."

"गरज होती रे! प्रेसिडेंट विचार करूनच पाठवतो. त्याच्याजवळ माहिती असते, आपल्याजवळ नसते. मला तर आता वाटतं, माणूस चांगलाच हुशार आहे."

"गोगट्या, गप्प बस."

"अरे पण..."

"गप्प बस म्हणतो ना!" डॉक्टरांचा आवाज फाटला. "तू माझ्या बाजूनं बोलायला लागलास की मला भीती वाटते रे!"

मालतीकाकूंनी तोंडाला पदर लावला. मी पंच, मीच काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी शब्द जुळवतोय तोवर गोगटे उठले. खुर्ची ओढत नेली आणि डॉक्टरांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले. टेबलावर जोरात मूठ आपटली.

"तुमचा प्रेसिडेंट," ते ओरडले, "एक नंबरचा बिनडोक माणूस आहे!"

डॉक्टरांनी मान वर केली, डोळे पुसले आणि चहाचा कप जवळ ओढला.

"हां," ते म्हणाले, "आता बोल!"