देवाजी मिस्त्री आणि निर्मलचा घाट

देवाजी मिस्त्रीकडे गाडी नेली की तो लगेच बॉनेट उघडायचा नाही. आधी मालकाला चपला काढायला लावायचा. अनवाणी पायानं ब्रेक दाबायला सांगायचा आणि गाडीकडे न बघता मालकाच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. "बोला, पायाले काय लागलं? नरम, का दगड?" आदिलाबादच्या निर्मल रस्त्यावर त्याची पत्र्याची शेड होती. तिथं मोठमोठे ठेकेदार मोजे काढून बसलेले मी पाहिले आहेत.

मुलांनो, तुम्ही तिकडे वापरलेली हायब्रिड गाडी घेतल्याचं कळलं आणि मला राहवेना. आमची पहिली गाडी हायब्रिडच म्हणायची! ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. गाडी मुळात पेट्रोलची. आधीच्या मालकानं तिच्यात भलतंच डिझेल इंजिन बसवलेलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. तुमचे आजोबा नोकरीसाठी बेज्जूरला होते, म्हणून गाडी मीच चालवायची. आजोबांना हे काही पटलेलं नव्हतं.

गाडीबरोबर तिची मूळ पुस्तिका मिळाली होती. मी ती अथपासून इतिपर्यंत वाचली, वहीत तक्ता केला, टायरमध्ये तक्त्याप्रमाणे हवा भरली आणि ऐटीत देवाजीकडे गेले. त्यानं पुढच्या टायरवर अंगठा दाबला.

"बाई, हवा एवढी कमी काऊन?"

"पुस्तकात तेवढीच सांगितली आहे."

"त्या पुस्तकाले काय ठाव, का पोटात डिझेल बसवलं म्हणून! हे इंजिन वजनदार हाय. सारं ओझं पुढच्या चाकायवर पडून राह्यलं."

बदलायला म्हणून मी दोन टायर पसंत केले होते. जुन्यावर नवं रबर चढवलेले, पण नक्षी खोल; मी पट्टी लावून मोजली होती. देवाजीनं टायर आडवा केला, कडेला दाब दिला, आणि केसासारख्या बारीक भेगा उघड्या पडल्या.

"तुमी नवरदेव समोरून पाह्यला, पाठीचं कूबड नाई पाह्यलं. टायर बगलेतून पाहाचा, बाई."

मग त्यानं चारही टायर एकाच जातीचे घ्यायला लावले. मी कुरकुरले तर म्हणाला, "बैलाले दोन पाय घोड्याचे लावसान काय?"

त्या वर्षी तुमची आई चार वर्षांची होती. वसंत पंचमीला बासरला विद्येच्या देवीपुढे नेऊन तिच्या पाटीवर पहिलं अक्षर काढायचं ठरलं. आजोबा बेज्जूरहून परस्पर बासरला येणार होते. त्यांनी मला बजावलं होतं, "निर्मलचा घाट नीट उतरलीस तर गाडी ठेवू. नाहीतर विकून टाकू." मला ती गाडी हवी होती, मुलांनो. किती हवी होती ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि दोन दिवस आधी गाडी पुढे जाईना. ब्रेक दाबला की सुटतच नव्हता. चाकं तापून जळका वास येत होता. कशीबशी शेडपर्यंत नेली. पाय लावून सांगितलं, "दगड!"

देवाजीनं ब्रेकच्या तेलाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात टाकले. थेंब वर तरंगले.

"ब्रेकचं तेल पाण्यात मिसळते, बाई. हे तरंगून राह्यलं. हे इंजिनाचं हाय. कोण टाकलं?"

मीच टाकलं होतं. तेलांचे डबे गळतात म्हणून मी दोन्ही तेलं काचेच्या सारख्या बाटल्यांत भरली होती. लेबलं सुबक अक्षरात आधीच लिहून ठेवलेली. चिकटवताना अदलाबदल झाली. माझा विश्वास माझ्या लेबलावर!

त्यानं चाकाच्या आतली रबरं काढून माझ्या तळहातावर ठेवली. भिजवलेल्या वाटाण्यासारखी फुगलेली. "गावात नाई भेटत. निर्मलहून आणतो," म्हणाला आणि हात पुसत बस गाठायला निघाला.

दुसरा पूर्ण दिवस आम्ही गाडीला दिला. नळ्या धुतल्या, रबरं बदलली. मग मी पेडलवर, तो गाडीखाली. "दाबा... धरा... सोडा!" नळीतली हवा निघेपर्यंत हेच. शेजारच्या चहावाल्यापाशी बसलेला ट्रकवाला ओरडला, "घाट में अम्मा चलाएगी? अल्ला खैर करे!"

गाडीखालून उत्तर आलं, "तू आपलं हॉर्न सांभाळ रे! बाई, दाबा."

पंचमीच्या सकाळी निघाले, तर देवाजी धुतलेल्या सदऱ्यात आणि त्याची बायको गिरजाबाई नव्या लुगड्यात दारात हजर.

"ब्रेक नवा केला का घाटात पहिली सवारी माही अन् इची. माहा नेमच हाय," तो म्हणाला.

गिरजाबाई तुमच्या आईला मांडीवर घेत म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बायका नवऱ्यासंगं जत्रेले जातात. मी घाटात जातो, मरून पाहाले!"

घाट सुरू झाला. मला गावंसं वाटत होतं! "गिअर खाली घ्या. ब्रेकवर पाय ठेवून बसू नोका," एवढंच देवाजी बोलला. सागाच्या रानातून एकेक वळण येत गेलं, प्रत्येक वळणावर गाडीनं माझं ऐकलं. अर्ध्या घाटात रुंद जागा आली, तशी त्यानं गाडी थांबवायला लावली. उतरून, तापलीत का ते पाहायला चारी चाकांजवळ उलटा हात नेला आणि बायकोला हाक मारली, "उतर वं."

"इथं का उतरता? घाट अजून अर्धा आहे!" मी घाबरून विचारलं.

"माहं काम झालं. बस येईन मागून." त्यानं दार लावून घेतलं.

उरलेली वळणं मी आणि तुमची आई, दोघीच उतरलो.

बासरला आजोबा नदीच्या पायऱ्यांपाशी उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, रिकाम्या सीटकडे पाहिलं. "घाटात मिस्त्रीला तरी बरोबर आणायचंस ना?"

"आला होता. अर्ध्या घाटात उतरला."

"का? काही बिघडलं होतं?"

"नाही. चाकं पाहिली, आणि उतरला."

आजोबांनी तुमच्या आईला कडेवर घेतलं आणि मला म्हणाले, "मग परत जाताना तूच चालव, मी मागं बसतो."